जागेवर जेवल्याशिवाय विसार नाही

वळसंग रस्त्यावरच्या एका प्लॉटच्या विसाराचे आगाऊ पैसे खिशात घेऊन मी पहिल्यांदा गुरुशांतअप्पांच्या कचेरीत शिरलो, तेव्हा मला बसायलाही सवड नव्हती. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे सांगून मालकाने माझी झोप उडवली होती. आम्हा नवरा-बायकोची सगळी शिल्लक त्या जागेत जाणार होती. जमिनीच्या व्यवहारांतले जाणते वकील म्हणून अप्पांनी कागदांवर नजर टाकावी आणि मला मोकळे करावे, एवढीच माझी अपेक्षा. अप्पांनी कागद सावकाश वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "जेवलात का, मास्तर?"

मला वाटले, पाहुणचार. म्हणालो, "घाई आहे, अप्पा."

"मग उद्या जागेवरच जेवू की. शेजाऱ्यांना बोलवा, मालकाच्या घरच्यांनाबी बोलवा. त्याबिगर विसार द्यायचा न्हाय."

अप्पांची ही पद्धत त्यांच्या अशिलांना पाठ आहे. मला मात्र ती शुद्ध वेळकाढूपणा वाटली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाभळीखाली सतरंजी पसरली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. मी कसेबसे घास गिळत होतो. मालक मोटारसायकलला किक मारून निघून तर जाणार नाही ना, याकडे सगळे लक्ष. शेजारचे शेतकरी गप्पा मारत जेवले. मालकाच्या थोरल्या बहीण गौराबाई तेवढ्या बांधावर उभ्या होत्या. "ऊट माड्री, अक्का," अप्पांनी त्यांना कानडीतून जेवायचा आग्रह केला.

"न्हाय अप्पा. बाच्या जमिनीत माजी सही कुणी इचारली न्हाय. हितं मला घास उतरायचा न्हाय."

वडिलांच्या मागे वारस म्हणून फक्त भावाचे नाव लागले होते; कागदोपत्री गौराबाई नव्हत्याच. मालक उठून तावातावाने बोलू लागला. विसार दिला असता, तर त्या तंट्यात आमचे घर बांधायच्या आधीच अडकले असते. तरी त्या क्षणी मला राग आला तो अप्पांचाच, कारण जागा हातची चालली होती.

पुढे भावाबहिणीची बोलणी लांबत गेली आणि मी रोज संध्याकाळी अप्पांच्या दारात. जीव नुसता वरखाली. अप्पा समजूत घालत नसत. भुईमुगाच्या शेंगांनी भरलेले सूप पुढे सरकवत आणि "फोडा" म्हणत. फोडता फोडता हळूच विचारत, "उद्या एकाची नोकरी थांबली, तर हप्ता कोण भरणार?" त्या प्रश्नापायीच आम्ही मोठ्या प्लॉटचा हट्ट सोडला. "जोखीम संपत न्हाय, मास्तर. आपल्याला पेलंल एवढीच घ्यायची," हे त्यांचे सांगणे तेव्हा पटले नव्हते, आज पटते.

अखेर गौराबाईंना त्यांचा वाटा मिळाला. त्याला लागून एक लहान तुकडा आम्ही घेतला, दोघा भावंडांच्या सह्यांनी. वास्तुशांतीला गौराबाई पहिल्या पंगतीला बसल्या आणि त्यांनी भाकरी मागून घेतली. वाढायला अप्पा होते. मला रडू आवरले नाही.

आता लोक उभ्याच नसलेल्या इमारतीतले फ्लॅट घेतात. हवेत कसे जेवायचे, असे माझ्या मुलीने विचारले, तेव्हा अप्पा म्हणाले, "त्याच बिल्डरनं आधी बांधलेल्या घरात जाऊन जेवा की. जेवताना माणसं लई खरं बोलत्यात." पंचाहत्तरीतही दुखरे गुडघे घेऊन ते स्वतः तिच्याबरोबर गेले.

परवा अप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाची बातमी द्यायला शेजारी गेलो, तर गौराबाईंनी निरोपच दिला, "अप्पास्नी सांगा, शंभरी भरली की जेवण माज्या अंगणात. न्हाय म्हणायचं न्हाय."

अप्पांनी त्या जेवणासाठी गुडघे, दात आणि भूक नीट सांभाळावी, एवढे मागणे आहे. वाट पाहणे मला जन्मात जमलेले नाही. ही वाट मात्र मी पंचवीस वर्षे आनंदाने पाहीन.