पार्किंगमधले बारा खांब

"काप ती पट्टी!" बाई खालूनच ओरडल्या आणि हेल्मेट सावरत शिडी चढायला लागल्या.

वर वेल्डर गोंधळला. "अहो बाई, दोन बोटं जागा मोकळी राहिली होती. पट्टी जोडून भरून टाकली. मजबूत झालं की!"

"मजबूत कसलं? वाट लावलीस तू!"

बाई लोखंडी सांगाड्याच्या इमारतींचं डिझाइन करायच्या. दोन खांबांमध्ये तिरक्या दांड्या टाकायच्या, म्हणून साइटवर नाव पडलं तिरकी बाई. जमीन हलली की आधी या दांड्यांनी वाकायचं, मार खायचा, पण खांब उभे ठेवायचे. त्यासाठी दांडीच्या टोकाशी, जोडाच्या प्लेटवर, दोन बोटं जागा सोडावीच लागते.

"मोकळं सोडलं तर वाकतं," बाई म्हणाल्या. "आवळलं तर तुटतं."

"हे जरा आमच्या सासूला सांगा!"

खाली हशा पिकला. बाईही हसल्या. आणि हसता हसताच त्यांना आपली पोरगी आठवली.

त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांब गेली होती. जाऊ नको, जाऊ नको करत बाईंनी इतकं धरून ठेवलं, की पोरगी एक बॅग उचलून भांडूनच निघाली. तेव्हापासून दर रविवारी फोन व्हायचा. "ये" हा एवढासा शब्द, पण बाईंच्या ओठांवरच अडायचा. मग त्या भलतंच विचारायच्या.

"तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांब किती गं?"

"बारा. मागच्या रविवारी पण बाराच होते, आई."

"मधे भिंत?"

"भिंत कुठली? गाड्या आहेत."

"जाडी?"

"वीतभर आणि चार बोटं. आता खांबाचा रंग विचार!"

खाली भिंत नाही, नुसते खांब आणि वर पाच मजले, म्हणजे जमीन हलली की आधी खांबच मोडायचे; बाईंच्या जिवाला घोर. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्या पार्किंगचा नकाशा काढला. तिरक्या दांड्या कुठे बसतील, गाडीचं दार उघडेल का, सगळं मांडलं. कुणाचं काम म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "ओळखीतलं आहे." ऑफिसातले हसायचे. हसा लेको! तुमच्यासाठी कुणी न बघितलेल्या बिल्डिंगचं वजन काढलंय का कधी?

वेल्डरनं पट्टी कापली, त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनी मन घट्ट केलं.

"आई, खांब बाराच आहेत," पोरगी आधीच म्हणाली.

"मरू देत ते खांब. तू ये ना गं."

बाईंनी फोन कानात रुतेल इतका दाबला.

"बघते," पोरगी म्हणाली. मग घाईघाईनं, "आई, कोपऱ्यातल्या खांबाला तडा गेलाय. काय करायचं?"

"उभा की आडवा?" बाईंनी पेन्सिल ओढली. अर्धा तास बोलल्या दोघी. त्या दिवशी फोन ठेवणं दोघींच्याही जिवावर आलं होतं.

तडाबिडा काही नव्हता, हे फार नंतर कळलं. ती बिल्डिंग पोरीनं आठ महिन्यांपूर्वीच सोडली होती. नवी खोली बैठी होती, वर पत्रा, खांब एकही नाही. तिथलं सांगितलं तर पुढच्या रविवारी आई विचारणार काय, या धास्तीनं ती जुनेच खांब मोजून सांगत होती.