खाज नसलेले डाग

एकाहत्तरच्या लढाईआधी माझी पोस्टिंग जबलपूरला होती. नर्सिंग हवालदार. सकाळी सहाला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची रांग. लढाईची हवा सुटली की आजारी वाढतात. मी जात्याच संशयी, त्यात ही ड्यूटी. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला.

एक लान्स नायक होता, अमरावतीकडचा. खरं नाव सांगणार नाही, वामन म्हणू. फॅक्टरीतून बारूदगोळ्याच्या पेट्या ट्रकवर चढवायचं त्याचं काम. बायको क्वार्टरमध्ये, पाच महिन्यांची पोटुशी. आधी तो घसा धरला म्हणून आला. मग बारीक ताप, अंग मोडून आलेलं. मग डोक्यावरचे केस चट्ट्याचट्ट्यानं गेले, तेव्हा न्हाव्यानं गजकर्ण समजून मशीन लावायला नकार दिला. दर वेळी नवं गाऱ्हाणं. हा लढाई टाळून राहिलाय, असं सुभेदारसाहेब म्हणाले. मलाही तेच वाटत होतं.

महिन्याच्या संसर्ग-तपासणीला जवान ओळीत हात पुढे करून उभे राहिले. वामनच्या तळहातांवर तांबूस डाग. बूट काढायला लावले, तर तळपायांवरही तेच. बारूद बाधली असेल, असं सुभेदारसाहेबांचं मत. डॉक्टर मेजरसाहेबांनी एवढंच विचारलं,

"खाज?"

"नाही, साहेब."

बारुदीनं खाज सुटते, आणि बारूद बुटात शिरत नाही. साहेबांनी रक्त तपासायला पाठवलं. निघाला सिफिलिस, दुसऱ्या टप्प्याचा. घसा, ताप, केस, डाग, सगळी एकाच बहुरूप्याची सोंगं. वामनला पेनिसिलिन दिलं. बायकोला ताबडतोब आण, नाहीतर पोटातलं बाळ जाईल, असं साहेबांनी बजावलं.

ती माहेरी गेली, असं त्यानं सांगितलं. त्याच आठवड्यात मी तिला बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापड घेताना पाहिलं. तेवढ्यात त्याच्या युनिटला आघाडीवर जायची मूव्ह ऑर्डर आली. मी त्याला गाठलं.

"काहून खोटं बोलून राहिला बे?"

"तिच्या अंगावर काहीच नाही, हवालदारसाहेब. चांगली आहे ते."

"डाग आपोआप जातात. रोग आत राहतो."

त्यानं बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "तिले काय सांगू?"

"खरं सांग."

युनिटची गाडी दुपारची होती. सकाळी सिक रिपोर्टच्या ओळीत तो बायकोला घेऊन उभा. ती दोन पावलं पुढं, त्याच्याकडे पाठ करून. रडून डोळे सुजले होते. तिच्या रक्तातही रोग निघाला. तिला इंजेक्शनं सुरू झाली, पण तोवर गाडी गेली होती.

वामन डिसेंबरात लढाईत पडला. मुलगी त्यानंतर झाली, ठणठणीत.

दरवर्षी स्मारकापाशी त्याचं नाव वाचतात. मुलगी ओंजळीतून फुलं ठेवते, मग मला हात जोडून नमस्कार करते. मी अजूनही आधी तिचे तळहात बघतो.