बेटावरची होडी आणि लान्स नाईक तांडेल

आमचं पोस्टिंग दक्षिण लेबनॉनमध्ये होतं, शांतिसेनेत. मी हवालदार. डोक्यावर निळी टोपी, काम टेकडीवरची पोस्ट सांभाळण्याचं. पेट्रोलिंग, पहारा, जेवण, पुन्हा पहारा. आता मी अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहतो. इथल्या मराठी मंडळातली माणसं भेटली की ‘काका, लढाईचं सांगा’ म्हणतात. शर्वरी तांडेलनं मात्र फोनवर वेगळंच मागितलं. ही पोरगी इथून जवळच, शॉमबर्गला नोकरी करते. तिचे वडील, लान्स नाईक महादेव तांडेल, माझ्या सेक्शनमध्ये होते.

“काका, बाबा कसे गेले ते मला सगळ्यांनी सांगितलंय. त्यांचा एखादा मस्त दिवस सांगा ना.”

“रविवारी जेवायला ये,” मी म्हणालो. तसा एक दिवस माझ्याकडे होता.

त्या दिवशी आम्हाला टायर शहरात आउटिंग मिळालं होतं. तिथलं जुनं गाव मूळचं बेट. सिकंदरानं समुद्रात भराव घालून ते किनाऱ्याला जोडलं. अरुंद गल्ल्या, निळी दारं, डोक्यावर दोरीवर वाळणारे कपडे. मला गाव फार आवडलं. महादेव हर्णैचा, कोळ्याचा पोर. त्याचं नाक सारखं बंदराकडे. दुसऱ्या दिवशी तो रजेवर निघणार होता. घरी मुलगी झाली होती आणि तिचं तोंडही त्यानं पाहिलं नव्हतं. निघताना मेजरसाहेबांनी बजावलं होतं, “पाचला गेटवर. उशिरा येईल त्याची रजा कॅन्सल.” साहेब बोलल्या शब्दाला जागणारे.

परतायच्या वेळी सगळे गाडीपाशी हजर. महादेव नाही.

मी बंदराकडे धावलो. पठ्ठ्या गुडघाभर पाण्यात, होडीला खांदा लावून उभा. एक म्हातारा कोळी आणि त्याची बायको होडी वर ओढत होते आणि ती मध्येच अडकली होती.

“तांडेल! रजा जाईल!”

“हवालदारसाहेब, कुणी होडी ओढत असेल तर हात लावल्याशिवाय आमच्यात कोणी पुढं जात नाही.”

“हे हर्णै नाही!”

“होडी तर आहे ना.”

मी त्याला दोन शिव्या हासडल्या, बूट काढले आणि पाण्यात उतरलो. मागून आलेल्या आमच्या पोरांनीही खांदे लावले. म्हातारा त्याच्या भाषेत ओरडत होता, आम्ही आमच्या. होडी वर आली. मग म्हातारा सोडेना. त्यानं माशांची पाटी पुढं केली. ओढणाऱ्याचा वाटा नाकारणं म्हणजे मालकाचा अपमान, म्हणून महादेवनं ती दोन्ही हातांनी घेतली. एवढ्यात माझा रेडिओ खरखरला. पोस्टवरून साहेब आमच्या सेक्शनला बोलावत होते.

“ब्राव्हो टू, रीझन फॉर डिले? ओव्हर.”

“होडी, सर. ओव्हर,” मी म्हणालो.



गेटवर साहेब उभेच होते. महादेव पाटी घेऊन सावधान.

“कारण?”

“साहेब, होडी अडकली होती. तशीच टाकून कसा येणार?”

साहेबांनी आमच्या ओल्या पँटी पाहिल्या, मग पाटी पाहिली.

“तळून घ्या आणि गरम आहेत तोवर खा. तांडेल, सकाळची गाडी चुकवू नकोस.”

त्या संध्याकाळी महादेवनं कुकला किचनबाहेर काढलं आणि मासे स्वतः तळले. तेवढं चविष्ट मी पुन्हा खाल्लं नाही. सकाळी तो रजेवर गेला. रजाभर त्यानं मुलीला खाली ठेवलं नाही, असं वहिनी सांगायच्या. परत आल्यावर पेट्रोलवर असताना कधीचा तरी पुरलेला माइन त्याच्या पायाखाली फुटला.

रविवारी शर्वरीला बाराला बोलावलं होतं. साडेबारा झाले. बाहेर स्नो पडत होता, मी खिडकीशी चिडून उभा. ती आली तेव्हा जीन्स गुडघ्यापर्यंत भिजलेली.

जुनी सवय. “कारण?” मी विचारलं.

“सॉरी काका. कोपऱ्यावर कुणाची तरी कार स्नोमध्ये अडकली होती. धक्का दिला. तशीच टाकून कशी येणार, यार?”

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. सुनेनं तळलेले मासे टेबलावर मांडले होते.

“बस पोरी,” मी म्हणालो. “गरम आहेत तोवर खा. तुझ्या बाबांचं सांगतो.”