वाड्यावरचं एक मिनिट

मला एक सांगा, धावताना दमलेल्या माणसाने काय करावं? थोडं चालावं, हे उत्तर शेंबडं पोरही देईल. मग एक मिनिट चालायला जागा मिळावी म्हणून मला आणि शेजारच्या वहिनीला अडीच किलोमीटर का पळावं लागलं?

हे मी चिडून लिहिणार होते. तीनदा बसले आणि दोन परिच्छेदांत चिडण्याचाही दम संपला. आता जसं आठवतं तसं लिहिते.

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. बाबा खाणीच्या वर्कशॉपात कामाला होते आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. खनिजाच्या धुळीविरुद्ध, देवळाजवळच्या बारविरुद्ध, मराठी शाळा बंद करू नका म्हणून. पलंगाखाली गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यातून एक सवय लागली. काहीही समोर आलं की बाजू घ्यायची, आणि घेतली की मागे हटायचं नाही. पत्रकात ही सवय शोभते. मे महिन्यात डिचोली तालुक्यातल्या चढावर ती माणसाला आडवं करते.

डिसेंबरात किनाऱ्यावरच्या एका गावात शर्यत असते. मला तिथलं एकवीस किलोमीटर पुरं करायचं होतं. तालुक्याच्या मैदानावर एक निवृत्त पीटी मास्तर येतात, त्यांनी पद्धत शिकवली. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. ऊन वाढलं की तीन आणि एक. अजून वाढलं की दोन आणि एक. "चालायचं मिनिट दम लागायच्या आधी घ्यायचं," ते म्हणाले, "दम लागल्यावर घेतलंस तर उशीर झाला." ही गोष्ट मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

वहिनी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडच्या घरातली सून. माहेर पेडण्याचं. नवरा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, घर मूळचं दोडामार्गाकडचं. मी मार्चमध्ये धावायला लागले तेव्हा ती अंगण झाडताना बघायची. आठवडाभर बघितलं आणि एक दिवस केरसुणी भिंतीला टेकवून म्हणाली, "माका पण घेशीत?"

"दहा किलोमीटरची पण असते तिथे," मी म्हटलं.

"दहा म्हणजे हंयसून खंय?"

"इथून साखळी, आणि परत घरी आल्यावर अजून थोडं."

ती हसली. तिने मुलाच्या जुन्या शाळेच्या बुटांत पाय घालून बघितले. बसले.

सासूबाईंना विचारायला आम्ही दोघी गेलो. त्या मागच्या दारी नारळ सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोयता न थांबवता म्हणाल्या, "जा. पण काय एक झालां, की बंद."

पहाटे साडेपाच ते सात हा एवढाच वेळ त्या घरात वहिनीचा होता. सातला चूल, डबे, मुलाची बस, मग काजूच्या कारखान्यातलं काम. तो दीड तास सासूबाईंच्या त्या एका वाक्यावर टांगलेला होता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणून पुढे जे केलं त्याला माफी नाही.

एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळी सहालाच हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर पडते. घाम येतो, वाळत नाही. मी बाटलीत पेजेचं पाणी मीठ घालून घ्यायची. वहिनी पाणी घ्यायचीच नाही. उपाशीपोटी पाणी बाधतं म्हणे. तरी घड्याळाच्या पिंपिंवर आम्ही नीट जमवत होतो. धाव, चाल. धाव, चाल. पहिले पंधरा दिवस काळोखातच निघायचो, त्यामुळे कुणाला दिसलो नाही. मग लवकर उजाडायला लागलं.

आमचा वाडा म्हणजे गावातली वस्ती, रस्त्याच्या दोन्ही अंगाला पसरलेली. घरं, देऊळ, तिंट्यावरची, म्हणजे तिठ्यावरची, चार दुकानं, पुन्हा घरं. अडीच किलोमीटर. त्यानंतर चढ, आणि चढावर मोकळा सडा, नुसता कातळ, खाणीकडे जाणारा लाल रस्ता. पहिली चालायची पाळी देवळापाशी यायची. उजेडातल्या पहिल्याच आठवड्यात एक स्कूटर कचकन थांबली. बँकेतून निवृत्त झालेले काका.

"किदें गो, गाडी बंद पडली?"

"नाही काका, चालतेय."

"चलता? कित्याक? बस फाटल्यान, सोडतां." त्यांनी मागची सीट थोपटली.

"मी धावतेय काका."

"धांवता खंय? तूं चलता मगे!"

तेवढ्यात घड्याळ वाजलं. मिनिट संपलं होतं. आम्ही पळालो, तर मागून त्यांनी ओरडून विचारलं, कोणाचं काय झालं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुधाची गाडी थांबली. तिसऱ्या दिवशी शिक्षिका बाई. सायकलवर पोई, म्हणजे पाव, विकणारा पोदेर तर रोज बाजूबाजूने चालवायचा आणि भोंगा वाजवून वहिनीला म्हणायचा, "वयनी, सायकल दिवं? तूं पोई विक, हांव धांवतां." तो गमतीतला माणूस, त्याचा राग येत नव्हता. खरं तर कुणाचाच येऊ नये. सगळे चांगल्या मनाने थांबत होते. आमच्या गावात गाडीवरचा माणूस चालणाऱ्या बाईला सोडून पुढे गेला तर त्याची आई त्याला विचारते, तुला दिसली नाही का ती.

धावताना कुणी थांबवत नव्हतं, ही गंमत बघा. बूट घालून धावणारी बाई म्हणजे व्यायाम. टीव्हीवर दिसतो. तीच बाई तोंड लाल करून, हात रिकामे, सावकाश चालताना दिसली की काहीतरी बिनसलेलं आहे. गाडी बंद पडली असेल, नाहीतर रुसून माहेरी निघाली असेल.

हे दुसरं लोकांना खरोखरच वाटलं. वहिनीच्या नवऱ्याला खाणीवर दुसऱ्या ड्रायव्हरने विचारलं, "तुजी बायल सकाळी चलत खंय जाता? घरात कायतरी झालां काय?" त्याने घरी येऊन ते हसत सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी देवळापाशी घड्याळ वाजलं तेव्हा वहिनी थांबली नाही. पळता पळता म्हणाली, "हंयसर चलया नको गो. लोक बघतत. वर सड्यार चलया."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. वहीतल्या दोन रेघा मला पाठ होत्या. पण मला त्या स्कूटरवाल्यांचा, त्या ड्रायव्हरचा असा काही संताप आला होता की मी म्हटलं, "बरोबर आहे. यांच्यासमोर थांबायचंच नाही. दाखवूया यांना." वहिनी लाजेने थांबत नव्हती आणि मी तिच्या लाजेवर माझा झेंडा लावला. त्या दिवसापासून अडीच किलोमीटर सलग पळायचं, वाड्याच्या शेवटच्या घरापलीकडे गेल्यावर चालायचं, असं ठरलं. चुकलेली सगळी मिनिटं वर सड्यावर एकदम घ्यायची. जणू दम हा पाण्याचा हंडा आहे, आत्ता भरला नाही तर तासाने भरू.

तीन आठवडे निभावलं. वहिनी काटक होती. मला वाटलं आम्ही जिंकतोय.

मेच्या मध्यावर एका सकाळी वारा पूर्ण पडला होता. वहिनीचा मुलगा रात्री आजारी होता, म्हणून निघायलाच साडेसहा झाले; शाळेला सुट्टी होती, त्यामुळे सातची घाई नव्हती. "आज राहूदे," मी म्हटलं. तेही नुसतं बोलायचं म्हणून. "एक दिस चुकला की दुसरो चुकता," ती म्हणाली. तिंट्यावर माणसं जमली होती. आम्ही मान खाली घालून पळालो. शेवटचं घर गेलं तेव्हा मी चालायला लागले, पण वहिनी चालेना. तशीच पळत चढाला लागली, पावलं वेडीवाकडी. हाक मारली तर वळून बघितलं आणि मला विचारलं, "मुलग्याचो डबो भरलंय मी?"

मग ती रस्त्याच्या कडेला बसली आणि ओकली. हात लावला तर अंग भट्टीसारखं. सड्यावर झाड नाही. आहेत ती काजूची, खाली उतारावर. माझी बाटली मीच देवळापाशी संपवली होती. मी ओढणी तिच्या डोक्यावर धरून उभी राहिले. एवढीशी सावली, तीही हलत होती. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात एवढ्या घोषणा पाठ केल्या, त्यातली एकही तिथे उपयोगाची नव्हती.

खाणीच्या रस्त्यावर धूळ बसवायला पाण्याचा टँकर फिरतो. तो आला. ड्रायव्हर म्हातारा होता, वाळपईकडचा. त्याने काही विचारलं नाही. उतरला, वहिनीला आधार देऊन टँकरच्या मागे बसवलं आणि नळ सोडला. लालसर, खाणीच्या खड्ड्यातलं पाणी. डोक्यावर, मानेवर, पायांवर. स्वतःचा टॉवेल भिजवून तिच्या मानेला गुंडाळला. कॅबिनमधून पिण्याच्या पाण्याची बाटली आणली, घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांनी वहिनीने त्याला ओळख नसताना 'काका' म्हटलं आणि रडायला लागली.

तेव्हा तो माझ्याकडे वळला. "ह्या वतांत मदीं चलूंक जायना तुमकां?" म्हणजे, या उन्हात मध्ये मध्ये चालता येत नाही का तुम्हाला?

टँकरच्या कॅबिनमध्ये बसून आम्ही वाड्यातून परत आलो. वहिनी नखशिखान्त भिजलेली, लाल मातीने माखलेली. तिंट्यावरचा प्रत्येक माणूस उठून उभा राहिला.

उपकेंद्रातली नर्स आली, तिने उन्हाचा झटका थोडक्यात हुकला म्हणून सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी, दोन दिवस विश्रांती. संध्याकाळी मी कुंपण ओलांडून गेले. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मिनिटं कशी घ्यायची असतात ते, आणि आम्ही ती का घेतली नाहीत ते. चूक माझी आहे, असंही सांगितलं.

त्यांनी जरा सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाल्या, "मी दोडामार्गच्या बाजाराक चलत जायत होतंय. डोक्यार पाटी. येताना परत पाटी. इतकी वर्सां. एकान कधी थांबान विचारल्यान नाय, खंय चललंस म्हणान."

"मग आता का विचारतात?"

"डोक्यार पाटी होती मगे." त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू विचारत होत्या की हे कळायला एवढं शिकावं लागतं का. "वझां घेतलेली बायल कोणाक दिसणा नाय. रिकामी दिसता."

मला वाटलं त्या आता नाहीच म्हणणार. पण त्यांनी तोडगा काढला होता. जायचं तर जा, हातात दुधाचा डबा घे, नाहीतर पिशवी. लोक बोलणार नाहीत. आतून वहिनीचा आवाज आला, दमलेला पण स्पष्ट. "हातात डबो घेवन चलाचा, तर ती माजी सकाळ नाय. तां कामच झालां."

सासूबाईंनी खांदे उडवले. त्यांच्या परीने त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. वहिनीच्या परीने ते बंद झालं होतं. दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

त्यानंतर वहिनी आलेली नाही. बूट पडवीत आहेत, मुलगा ते घालून विहिरीवर जातो. मी एकटी निघते. देवळापाशी घड्याळ वाजलं की आता चालते, काही झालं तरी चालते. स्कूटर थांबते. "नाही काका, चालतेय," मी सांगते. दूधवाला थांबतो. त्यालाही सांगते. एका मिनिटात कधी तीनदा सांगावं लागतं आणि मग तो आराम राहत नाही, तेही एक कामच होतं. धावण्याने मी एवढी दमत नाही. बाबा म्हणाले, पत्रक काढू. काढून काय लिहायचं? 'बंधूंनो, गाडी थांबवू नका'? त्यांच्या चांगुलपणाविरुद्ध मोर्चा कसा काढणार? वहिनी अंगण झाडत असते. मी तिच्या दारावरून चालत जाते तेव्हा ती वर बघते आणि पुन्हा खाली बघते. एकट्या माणसाकडे बघून कुणाची भीड चेपत नाही. माझ्याबद्दल गावाने ठरवून टाकलं आहे की ही पत्रकवाल्याची मुलगी, असंच करणार. चालणाऱ्या बायका पाच-दहा झाल्या, तर बघणाऱ्यालाच कंटाळा येईल.

म्हणून एवढीच विनंती. तुमचं गाव कुठलंही असो, कारापूर, पाळी, पेडणे, कुठलंही. उद्या उजाडल्यावर घराबाहेर पडा. पिशवी घेऊ नका, डबा घेऊ नका, मोबाइल कानाला लावू नका. वाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या समोरून सावकाश चाला. कुठे निघालात असं कुणी विचारलं तर 'कुठेच नाही' म्हणा, आणि गाडीवर बसू नका. बाई असाल तर शेजारणीलाही हाक मारा. नाही आली तर परवा पुन्हा मारा.