ऊनुस, ऊना, ऊनुम

जुळे सोलापुरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी एका संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. वडिलांचा टेम्पो, घरात दखनी उर्दू, आणि हिने इतिहासात एम.ए. केलेलं. युरोपात पुढचं शिकायला जायचं तर आधी लॅटिनची परीक्षा द्यावी लागणार होती.

"बाई, तुम्ही शाळेत संस्कृत शिकवत होता की. लॅटिन शिकवाल का?"

"मला लॅटिनचा एक शब्द येत नाही," मी म्हणाले. "उद्यापासून ये."

जन्मभर मी पोरांकडून विभक्त्या घोकून घेतल्या होत्या. मला भीती कसली? पुस्तक तिने आणलं, चहा मी केला आणि आम्ही 'एक'पासून सुरुवात केली. पुल्लिंगी ऊनुस, स्त्रीलिंगी ऊना, नपुंसकलिंगी ऊनुम. मी लगेच संस्कृतातलं एकः, एका, एकम् म्हणून दाखवलं. ती हसली.

'एकाचा' म्हणजे इतर विशेषणांसारखं 'ऊनी' होणार, हेही मी ठामपणे सांगून टाकलं. सरावाच्या पेपरात तिने तेच लिहिलं आणि ते चुकलं. 'एकाचा' काय, 'एकीचा' काय, तिन्ही लिंगांत ऊनीउस. ऊनी म्हणजे 'एकाला'.

"तुम्हीच म्हणालात की!"

"म्हणाले. आता बरोबर म्हण."

मग आलं अनेकवचन. लग्न या अर्थाचा लॅटिन शब्द कायम अनेकवचनीच, म्हणून 'एक लग्न' म्हणायचं तर 'एक'सुद्धा अनेकवचनात: ऊनाए नुप्तिआए. तिने पुस्तक मिटलं. "एकाचं कसलं अनेकवचन, बाई?"

"काल तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"एक मामू आले होते."

"किती मामू?"

"एकच."

"मग 'आला होता' का नाही म्हणालीस?"

"मोठे आहेत ना ते!" म्हणता म्हणता ती थांबली.

"कारण वेगळं असेल," मी म्हणाले, "पण एकाला अनेकवचन चालतंय की नाही?"

तोंडी परीक्षा तिने माझ्याच टेबलावर कॉम्प्युटरसमोर दिली. मी गॅस बंद करून स्वयंपाकघरात कान देऊन उभी. परीक्षक बाईंनी नेमकं 'एक'चं अनेकवचनच विचारलं. तिच्या इंग्रजीत मध्येच 'मामू' ऐकू आलं, आणि पाठोपाठ पलीकडचं मोठ्यानं हसणं.

ती पास झाली. तिची आई शेवयांची खीर घेऊन वर आली आणि माझा हात धरून बसली.

आता ती तिकडून फोन करते. अभ्यासाच्या धबडग्यात तिचं लॅटिनचं पुस्तक रेंगाळलंय. माझं नाही. मी व्याकरण संपवून कवितांवर पोचलेय, तिच्या पुढे.