शिवणाच्या मशीनमागचे साहेब

ऐंशीच्या दशकात आमच्या पंतनगरात जो कोणी पदवीधर झाला, त्याला नोकरी कुठल्याही कंपनीने दिली असेल, पण मुलाखतीची पहिली धडकी भरवली ती आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांनीच. काका परळला गिरणीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी साहेब होते. त्या दिवशी ते लेंगा उतरवून फुलपँट चढवत, काकूंच्या शिवणाच्या मशीनवरचं कापड उचलून खाटेवर ठेवत, झाकण लावून त्याचं टेबल करत आणि मागे खुर्ची टाकून बसत. उमेदवाराने जिन्यापाशी उभं राहायचं. किती वेळ, ते साहेबांच्या मर्जीवर. "वाट बघता येणं हीच अर्धी परीक्षा असते रे," असं ते म्हणत. आत येताना आवाज चिरकला, चप्पल वाजली किंवा नजर काकूंच्या स्वयंपाकाकडे वळली की हुकूम सुटे, "बाहेर जा. परत या." लहानपणापासून त्यांच्या घरात खेळलेला मुलगाही त्या खुर्चीवरून त्यांना अनोळखी दिसे. वरच्या मजल्यावरच्या एकाला त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आपण कुठून आलात?" तो बिचारा खरं बोलून गेला, "दळण टाकून." त्याला तीनदा बाहेर जावं लागलं.

सगळ्यात वाईट म्हणजे ते पायडल. अवघड प्रश्न सुचला की काकांचा पाय नकळत मशीनच्या पायडलवर पडे आणि खाली खटखट सुरू होई. खटखट वाढली की ओळखावं, आता आपली वाट लागली. शिवाय त्यांचे दोन नियम होते. पहिला चहाचा. साहेबाने चहा विचारला की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा घ्यायचा. लगेच हो म्हणणारा हावरा आणि दोनदा नको म्हणणारा शिष्ट. दुसरा नियम मोठा. नोकरी का हवी, असं विचारल्यावर गरज आहे, असं मरेपर्यंत म्हणायचं नाही. "गरज सगळ्यांनाच असते. साहेबाला गरजू नको असतो, उपयोगाचा माणूस हवा असतो." एवढ्यात आतून काकूंचा आवाज येई, "पोर उन्हातसून इला, त्येका आधी चाय देवा, मगे काय ता विचारा." यावर साहेब ऐकू न आल्यासारखं करत.

खुद्द काकांनी मात्र जन्मात एकही मुलाखत दिली नव्हती. वडील गिरणीतून निवृत्त झाले, त्यांच्या जागी हे लागले. मुकादमाने वर-खाली पाहिलं, उद्यापासून ये म्हणाला, संपलं. काकूंनी हे चारचौघांत उकरून काढलं तरी काका ढळत नसत. "लग्नं लावणारा भटजी काय रोज स्वतः बोहल्यावर चढतो?" असं म्हणून पुढच्याला आत बोलवत.

मी बी.कॉम. झालो तेव्हा गिरण्यांचा संप चिघळला होता. काकांना आता आठवड्याचे सातही दिवस साहेब होता येत होतं आणि त्यांनी ती सगळी साहेबी माझ्यावर खर्च केली. अंधेरीला बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कंपनीत मला बोलावणं आलं. तिथला साहेब इतका मवाळ होता की मीच घाबरलो. टेबलाखाली काही वाजेना, त्यामुळे प्रश्न सोपा आहे की अवघड, तेच मला कळेना. चहा विचारला तेव्हा मी शिस्तीत नको म्हटलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलंच नाही, एकटाच प्याला. नोकरी मात्र मिळाली. पेढे घेऊन गेलो आणि चहाची तक्रार केली, तर काका म्हणाले, "तो साहेब कच्चा आहे."

संप काही मिटल्यासारखा मिटला नाही. काकांची गिरणी परत सुरूच झाली नाही. काकू आता लोकांचे ब्लाउज शिवत होत्या, म्हणून मशीन रिकामं मिळेना आणि मुलाखतीही कमी झाल्या. अशात आमच्या कंपनीत गोदाम सांभाळायला माणूस हवा होता. मी साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी काकांना भेटायला बोलावलं. आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. "जरा घेतोस का माझी?" एवढंच म्हणाले.

त्यांच्याच घरी मी मशीनमागे बसलो. बाहेर जिन्यापाशी काका उभे होते आणि त्यांना थांबवून ठेवायचा धीर मला होईना. ते आत आले, उभे राहिले. मी विचारलं, "आपल्याला ही नोकरी का हवी आहे?"

काकांनी खाटेवर ठेवलेल्या ब्लाउजांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गरज आहे रे."

मला गलबलून आलं. पण त्यांना धीर द्यायची दुसरी रीत मला त्यांनी शिकवलीच नव्हती. मी म्हटलं, "बाहेर जा. परत या." काका मुकाट्याने बाहेर गेले, दार लावलं आणि पुन्हा टकटक केली. त्या दुसऱ्या खेपेला त्यांनी असं खणखणीत उत्तर दिलं की स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "आता देवा तेंका नोकरी."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीतून काका बाहेर आले तेव्हा मी दाराशीच होतो. "चहा विचारला?"

"विचारला. पहिल्यांदाच हो म्हटलं. घसा सुकला होता."

"आणि नोकरी का हवी, ते?"

"गरज आहे म्हटलं," काका खाली बघत म्हणाले. "तोंडातून दुसरं काही निघेचना. साहेब म्हणाला, सोमवारपासून या."

मला इतका आनंद झाला की मी भर ऑफिसात त्यांच्या पाया पडलो. काकांनी पुढे निवृत्त होईपर्यंत ते गोदाम घरासारखं सांभाळलं. पण मशीनमागे ते पुन्हा कधी बसले नाहीत. नवे पदवीधर सवयीने येत, जिन्यापाशी केस नीट करून उभे राहत. मी समोरच्या दारातून बघायचो, आता तरी साहेब याला ताटकळत ठेवतील म्हणून. पण आतून लेंग्यातले काका हाक मारत, "उभा का राहिलास? आत ये रे. चहा घे आधी."