सासूबाईंचे हात मऊ करताना

माझं पार्लर मखमलाबाद रोडला आहे. दिवसभर मी लोकांची तोंडं उजळते, आणि माझ्या स्वतःच्या सासूबाईंचे हात म्हणाल तर विटेसारखे खरखरीत! मालनबाई त्यांचं नाव. आमच्या पॉलीहाऊसमधले गुलाब पहाटे तोडायचे, काटे काढायचे, जुड्या बांधून बादलीतल्या गार पाण्यात ठेवायच्या, हे त्यांचं रोजचं काम. थंडीत बोटांना अशा भेगा पडतात की साडीचा धागा अडकतो. त्यावर त्यांचं औषध एकच, म्हशीच्या सडांना लावायचं मलम. तेच हाताला, तेच टाचांना आणि तेच तोंडाला.

"अहो आई, ते जनावराचं आहे!" मी ओरडायचे.

"मग? म्हशीनं कधी तक्रार केली का?"

आता या बाईशी काय भांडणार! सासरे गेले तेव्हा माझा नवरा धनराज शाळेत होता. तेव्हापासून मळा आईंनीच ओढला. मी पार्लर काढायचं म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली, तर यांनी सरळ सुनावलं, "माझी सून बायांची तोंडं धुईल नाय तर रंगवील, तुमचं काय जातं?" मी चिडते त्यांच्यावर उठसूट, पण जीवही तेवढाच आहे.

दिवाळीनंतर आमच्या लेकीचं, स्नेहाचं लग्न ठरलं. तारीख धरली शिमग्यानंतरची. पोरीनं भर बैठकीत जाहीर केलं, "मला पहिली हळद आजी लावणार." आमच्याकडे पहिली हळद सवाष्णीच लावतात. मामेसासूबाई काही बोलणार, तेवढ्यात आईच हसून म्हणाल्या, "माझे हात पाह्यले का, बाई? गालाची सालपटं निघतील तुझ्या." सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला.

मी मात्र पेटले. हातांचाच प्रश्न आहे ना? मग मी पार्लरवाली कशाला झाले?

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या मागेच लागले. संध्याकाळी कोमट पाण्यात हात बुडवायचे, ओलसर असतानाच गुलाबपाणी आणि ग्लिसरीन लावायचं, वरून मलमाचा जाड थर. हो, तेच सडाचं मलम, त्यांनी दुसरं लावूच दिलं नाही. त्यावर सुती मोजे. हातात मोजे घालून त्या टीव्हीसमोर बसायच्या आणि रिमोटचं बटण दाबता आलं नाही की मला शिव्या घालायच्या. पण संक्रांतीपर्यंत भेगा भरल्या. मला तर आकाश ठेंगणं झालं.

फाल्गुन लागला आणि ऊन तापलं. पॉलीहाऊसमध्ये तर नुसती वाफ. मलमाखाली आईंच्या मनगटांवर घामोळं उठलं. घाम यायला लागला की कातडीवर जाड थर नको, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. म्हणून मलम बंद, मोजे बंद. नुसता कोरफडीचा गर, आणि झोपताना हलकं लोशन. आणि काय सांगू, हात पुन्हा उलायला लागले! अशा हवेत? पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांचे फुटलेले ओठसुद्धा आपोआप बरे होत होते. मला वाटलं, मीच मलम घाईनं सोडलं. परत लावलं, तर परत घामोळं. लग्न तोंडावर आलेलं, आणि माझं डोकं चालेना.

एका दुपारी पार्लरची लाइट गेली म्हणून मी लवकर घरी आले. मागच्या दारी आई मोरीपाशी बसलेल्या. पुढ्यात कढई, राख आणि नारळाचा काथ्या. कढई केव्हाच लख्ख झाली होती. आई आपले तळवे घासत होत्या.

"आई! काय करताय हे?"

त्यांनी काथ्या खाली ठेवला. "हात मऊ झाले तर मी लोकांना काय सांगू गं? हातांचं कारण हसण्यावारी जातं. दुसरं कारण मला माझ्या तोंडानं बोलाय लावू नको." मग हळूच म्हणाल्या, "अन् उद्या पोरीच्या संसारात काही कमी-जास्त झालं, तर लोक माझ्याच हाताला बोल लावतील. मला नाय सोसायचं ते."

मला त्यांचा राग आला, भावकीचा आला, आणि इतके महिने ग्लिसरीनच्या बाटल्या रिकाम्या करूनही काही न कळलेल्या माझ्या अकलेचा तर फारच. त्यांचे हात धुतले, गर लावला आणि तिथेच बसून रडले. संध्याकाळी स्नेहाला सगळं सांगितलं.

हळदीच्या दिवशी स्नेहा पाटावर बसली. मामेसासूबाई वाटी घेऊन पुढे झाल्या, तशी पोरगी उठलीच. वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि थेट मागच्या भिंतीशी गेली. तिथे आई पदराखाली हात लपवून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे तिनं मांडी घातली.

"अगं, हात बघ माझे," आई कळवळून म्हणाल्या.

"बघितले, आजी. मला हेच हवेत. माझ्या संसाराचं जे व्हायचं ते माझ्यामुळं होईल, तुझ्यामुळं नाही."

तिनं ते दोन्ही हात पदरातून ओढून काढले, हळदीत बुडवले आणि आपल्या गालांवर ठेवले. मामेसासूबाई पुटपुटल्या. "मामी, बोलायचं असेल तर माझ्याशी बोला," मी म्हटलं, जरा जोरातच. आई घळाघळा रडत होत्या, पण हात काही मागे घेतले नाहीत. उलट गालांवरून, कपाळावरून, गळ्यावरून हळद चोळतच राहिल्या, लहानपणी पोरीला न्हाऊ घालायच्या तशा.

दुसऱ्या दिवशी नवरीला मीच सजवायला बसले. दोन्ही गालांवर बारीक लाल रेघा उठलेल्या. मी फाउंडेशन घेतलं, तर स्नेहानं माझा हात धरला. मी डोळे केले, ओठ केले, गाल तसेच सोडले.

मांडवात विहीणबाईंनी विचारलंच, "पार्लरवालीची पोर, आणि गालाला हे काय झालं?"

मी ठसक्यात सांगितलं, "आजीनं हळद लावलीय."